जुन्या बोटीला भंगारातला स्टर्नड्राइव्ह : सौद्याआधी काय पाहावे?

कापडाच्या व्यापाऱ्याने बोटीच्या यंत्रावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु आमचे बरेच नातेवाईक कोकण किनाऱ्यावर राहतात, आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या एका जुन्या वेगवान बोटीत आमचेही थोडे भांडवल गुंतलेले आहे. या बोटीचा मागचा ड्राइव्ह खाडीतल्या जाळ्याच्या खुंटावर आदळला आणि खालचे कवच तडकले. नव्याची किंमत काढली तर ती बोटीच्या किमतीच्याही वर गेली. बोट विकायची की जुन्या सामानावर पुन्हा उभी करायची, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहिला. बोट बंद म्हणजे तीन घरांची चूल बंद.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या फळ्याला लागून बसते. फळ्याच्या बाहेर एक पाय लटकतो. इंजिनाचे फिरणे सांध्याच्या शाफ्टने बाहेर येते, वरच्या गिअरपाशी काटकोनात खाली वळते आणि तळाशी पुन्हा वळून पंख्याला मिळते. सुकाणू वेगळे नसते, हा पायच वळवतात. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ नावाने तो बाजारात आणला. त्यामागे जिम विन या अमेरिकन इंजिनियरचे डोके होते. पुढे अमेरिकेच्या मर्क्रूझरने हा धंदा फार वाढवला, आणि जुन्या बोटींवर बहुधा या दोघांपैकी एकाचा माल आढळतो.

आता बाजाराकडे वळू. मुंबईत जहाजी भंगार म्हटले की दारूखाना. २०१४ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका तिथेच तोडली गेली. दुसरे ठिकाण भावनगरजवळचे अलंग, जिथे १९८३ पासून जहाजे तुटतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजावरच्या सामानाची दुकाने लागलेली आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या जहाजावरच्या जीवरक्षक बोटींना बहुतेक सरळ शाफ्टचे डिझेल इंजिन असते. तो माल चांगला असला तरी आपल्या कामाचा नाही. स्टर्नड्राइव्ह मिळतो तो मोडीत निघालेल्या खासगी बोटींचा, आणि त्यासाठी ओळखीच्या मिस्त्रीमार्फत महिना-दोन महिने कानोसा घ्यावा लागतो. म्हणून हे काम पावसाळ्यात, बोटी वर ओढलेल्या असतानाच काढावे.

आम्हाला पहिला जो ड्राइव्ह दाखवला गेला तो काळ्या रंगाने चकचकीत केलेला होता. आमच्या धंद्यात सेकंडचा ताका असाच इस्त्री करून पुढे ठेवतात. विकणारा म्हणाला, “शेठ, नव्यासारखा आहे.” सोबतचे मिस्त्री वयाने मोठे, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. ते हळूच म्हणाले, “रंग काय बघता? तेल काढायला सांगा.” तळाचा स्क्रू सैल केला तर तेल दुधाळ निघाले. म्हणजे आत समुद्राचे पाणी शिरलेले, आणि बेअरिंग केव्हाच गंजलेले. रंगाखाली पंख्याजवळ ॲल्युमिनियमला पांढऱ्या भुकटीचे फोडही होते. ऐब दाखवून कमी भाव मागितला असता तर आम्ही कदाचित सुट्या भागांसाठी तो घेतलाही असता. लपवल्यावर बोलणेच संपले.

दुसरा ड्राइव्ह रंग उडालेला, पण तेल स्वच्छ. इथे चाचांनी जे केले ते प्रत्येक खरेदीदाराने करावे. गिअर टाकून वरचा शाफ्ट हाताने फिरवला आणि पंख्याचे फेरे मोजले. वरचे तीस फेरे झाले असता खाली वीस झाले तर प्रमाण दीडास एक. मोठ्या व्ही-एट पेट्रोल इंजिनाच्या ड्राइव्हचे प्रमाण साधारण दीडच्या आसपास असते, लहान चार सिलिंडरच्या इंजिनाचे दोनच्या जवळ. लहान इंजिनाला मोठ्याचा ड्राइव्ह जोडला तर ते पूर्ण वेग घेतच नाही, ओझ्याखाली घुसमटते आणि तापते. बाहेरून दोन्ही पाय जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून फसगत होते. मर्क्रूझरच्या अल्फा वनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचे वरचे-खालचे अर्धे एकमेकांना बसत नाहीत. ब्राव्हो तर अल्फाच्या फळ्यावरच्या जोडणीला लागतच नाही. जुन्या ड्राइव्हचा नंबर कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नये.

जुने काय चालते? कवच, गिअर, शाफ्ट, सांध्याचे लोखंड, तेही दातांवर खड्डे नसतील तर. रबर मात्र जुने अजिबात घेऊ नये. सांध्याच्या शाफ्टभोवती भात्यासारखे जे रबरी आवरण असते ते पाण्याच्या पातळीखाली असते. ते फाटले तर बोट उभ्या उभ्या पाण्याने भरू शकते. सील, पाण्याच्या पंपाचा इंपेलर, गिअरची केबल हेही नवेच असावे. आमच्या हिशेबाने जुन्या ड्राइव्हला शंभर रुपये मोजले तर आणखी पन्नास या किरकोळ दिसणाऱ्या मालासाठी आणि मजुरीसाठी बाजूला ठेवावेत. ज्याच्याजवळ हे पन्नास नाहीत त्याने पहिले शंभरही घालवू नयेत.

बसवण्याआधी फळ्याचे लाकूड ठोकून पाहावे. आवाज बद आला तर आत कुजले आहे. मग फळ्यातल्या गिंबल बेअरिंगमधून सरळ दांडा घालून इंजिनाच्या कपलरपर्यंत न्यावा. तो हाताने सहज आत गेला पाहिजे. अडत असेल तर इंजिनाची पातळी पुढून वर-खाली करावी. हे काम टाळून घाईने बसवलेला ड्राइव्ह कपलरचे दात खाऊन टाकतो, आणि दोष मात्र भंगारवाल्याच्या माथी मारला जातो. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे नवे ॲनोड लावावेत. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी असतात, समुद्रात ते भराभर झिजतात. तळाला लावायचा तांब्याचा रंगही या पायावर लावू नये. तांबे ॲल्युमिनियमला खाते.

चाचणी कुठे घ्यावी, हेही सांगितले पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीचा ताबा सुटला आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. अनेकांचे जीव गेले. आमची बोट पहाटे, फेऱ्यांच्या वाटेपासून दूर, एकही प्रवासी न घेता चालवली गेली. आधी किनाऱ्याला बांधून गिअर पुढे-मागे टाकून पाहिले, मग हळू, मग अर्ध्या वेगात. दहा तास चालल्यावर चाचांनी तेल पुन्हा काढले. ते स्वच्छ होते, तळाच्या स्क्रूवर फक्त थोडी बारीक राखाडी धूळ. त्यानंतरच तिकिटे फाडायला सुरुवात झाली.