टिकली लावलेलं बटण

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे फराळाआधी विषय निघायचा तो नव्या म्युझिक सिस्टिमचा. ह्यांना गाण्यांचं भारी वेड. लग्नानंतर आम्ही टेपरेकॉर्डर घेतला, मग सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर, मग पाच स्पीकर अन् एका सबवूफरचं होम थिएटर, शेवटी साउंडबार. दर वेळी जुनं मातीमोल भावानं जायचं किंवा माळ्यावर पडायचं आणि नव्याचे हप्ते सुरू व्हायचे. केर काढताना वायरी चुकवायच्या त्या मीच!

सासूबाईंना सकाळी ‘गीतरामायण’ लागतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला लागायचं, तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या. शेजारच्या रेडिओपुढे सगळा वाडा जमायचा म्हणे. पण गेल्या वर्षी म्हणायला लागल्या, ‘‘आता गाणी नकोशी वाटतात गं.’’ वयोमानानं असेल, असं मी धरून चालले.

एकदा बचत गटाची बैठक लवकर संपली. घरी आले तर त्या मांडीवर तीन रिमोट घेऊन बसलेल्या. मला बघून ओशाळल्या. ‘‘काही नाही, पुसत होते,’’ म्हणाल्या. माझ्या काळजात चर्र झालं. गाणी नकोशी झाली नव्हती, ती त्यांना लावताच येत नव्हती.

रात्री ह्यांच्याशी बोलले. आधी त्यांना लागलं. ‘‘मी घरासाठीच करतो ना?’’ खरंच होतं ते. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच माळ्यावर चढले आणि जुना अॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर, दोन स्पीकर खाली काढले. स्पीकरच्या कडेचा फोम झिजून गेला होता. गावातल्या मेकॅनिककाकांनी साउंडबारच्या एका हप्त्याएवढ्या पैशांत तो बदलून दिला.

त्यांनीच समजावलं, की जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाटेनं येणारा आवाज. पाच स्पीकर लावून त्यात नवं काही येत नाही. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकतो, वयाबरोबर तेही कमी होतं, आणि तेवढं तर साध्या सीडीतही असतं. पैसे घालण्यापेक्षा स्पीकर नीट ठेवा. कोपऱ्यात नको, तिथे आवाज घुमतो. कानांच्या उंचीवर ठेवा. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपण बसायचं. खोलीत पडदे, सतरंजी असली की आवाज कमी घुमतो. हे सगळं फुकट!

साउंडबार आम्ही विकला. अॅम्प्लिफायरच्या आणि सीडी प्लेअरच्या चालू करायच्या बटणांवर मी लाल टिकल्या चिकटवल्या, गाणं सुरू करायच्या बटणावर हिरवी. सीडी आतच असते.

मैत्रिणींनो, नव्या वस्तू घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. जुन्याचं नेमकं काय बिघडलंय? आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला नवं एकट्यानं लावता येईल का?

परवा सकाळी मी चहा टाकत होते. बाहेरच्या खोलीतून सुधीर फडक्यांचा आवाज आला. हे तर अजून अंथरुणात. डोकावले, तर सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले.