गाळाने वसवलेलं पाणपक्ष्यांचं गाव

पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरचं नाव बातम्यांत येतं ते क्युसेकच्या आकड्यांसोबत: बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतका विसर्ग. निफाड तालुक्यातल्या या बंधाऱ्याची दुसरी ओळख पक्ष्यांची आहे, आणि तिचं मूळ पाटबंधाऱ्याच्या हिशेबात नको असलेल्या गाळात आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी हा बंधारा बांधला गेला. दोन्ही नद्यांची माती वर्षानुवर्षं इथे बसत गेली. साठवण घटली, पण उथळ पाणी, बेटं, पाणकणसाची दाटी आणि दलदल तयार झाली. खोल धरणात पाण्यावरच्या बदकांना तळ गाठता येत नाही. इथे नुसती मान बुडवली तरी कंद, बिया, किडे चोचीला लागतात. १९८६ साली या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात, तेव्हा इथला हंगाम भरात असतो. मध्य आशिया आणि सायबेरियातून थापट्या, तलवार बदकं उतरतात, तिबेट-लडाखकडून चक्रवाक येतात. थापट्याची पसरट चोच चाळणीचं काम करते: पाणी बाहेर, बारीक जीव आत. डोक्यावर दलदली भोवत्या घिरट्या घालू लागला की हजारो पंख एकदम उठतात. हे दृश्य पाहण्यासाठी चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेच पोचावं.

मार्चपर्यंत पाहुणे परततात. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे डबक्यांत अडकतात. मग रंगीत करकोचे आणि चमचे यांची चंगळ होते.

पाऊस पडला की स्थानिकांची पाळी. हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या वीण करतात. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवर असतं. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते.

या चक्राला खरा धोका जलपर्णीचा आहे. वरच्या अंगाकडून येणारं सांडपाणी आणि शेतातली खतं तिला पोसतात. ती पसरली की उघडं पाणी झाकलं जातं, बदकांना उतरायला जागा उरत नाही. पाण्याची पातळीही तितकीच महत्त्वाची. ऐन हिवाळ्यात ती चढली तर चिखलाचे काठ बुडतात आणि तिथे चरणाऱ्या तुतारी, चिखल्या, शेकाट्यांचं खाद्य पाण्याखाली जातं. आवर्तनाचं वेळापत्रक पिकांकडे पाहून ठरतं. ते ठरवताना या काठांचाही विचार व्हायला हवा.