टोलेडोचं इन्क्विझिशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय, म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. गोव्यात ते १५६० मध्ये आलं. स्पेनमधल्या टोलेडोत त्याआधी पंचाहत्तर वर्षं त्याचं न्यायासन मांडलेलं होतं.

गैरसमज: तोवर टोलेडोत ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू गुण्यागोविंदाने नांदत होते.

वस्तुस्थिती: नांदत होते, पण राजाच्या मर्जीवर. याच शहरात ११७५ मध्ये टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आला, हे खरं. पण ज्या सॅम्युएल हालेवीने इथलं देखणं सिनेगॉग बांधलं, तो राजाचा खजिनदार असूनही त्याच राजाच्या कैदेत छळ सोसून मेला. १३९१ च्या दंगलींत ज्यू वस्ती लुटली गेली. जीव वाचवायला अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. आणि १४४९ मध्ये शहरातल्या बंडखोरांनी नियम केला, की अशा धर्मांतरितांना, त्यांच्या वंशजांनाही, नगराची पदं मिळणार नाहीत. पोपने निषेध केला, तरी विष पसरायचं ते पसरलंच. इन्क्विझिशन आलं ते त्यानंतर छत्तीस वर्षांनी, तयार जमिनीवर.

गैरसमज: इन्क्विझिशन ज्यूंना पकडायचं.

वस्तुस्थिती: त्याचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. ज्यू राहिलेल्यांना १४९२ मध्ये थेट देशाबाहेर काढलं. धर्मांतरितांवर मात्र घरातूनच पाळत असे. टोलेडोत खटला चाललेल्या एल्विरा देल काम्पो या बाईवर आरोप काय, तर ती डुकराचं मांस खात नाही आणि शनिवारी धुतलेले कपडे घालते, म्हणजे लपून ज्यू धर्म पाळते. १५६८ मध्ये तिचा छळ झाला, त्याची शब्दन्‌शब्द नोंद कारकुनाने केली आहे. काय कबूल करायचं ते तरी सांगा, अशी ती पुन्हापुन्हा विनवते. तिला जाळलं नाही. कैद झाली आणि गुन्हेगाराचा झगा अंगावर आला.

गैरसमज: लाखो लोक जाळले.

वस्तुस्थिती: स्पेनभर साडेतीनशे वर्षांत तीन ते पाच हजार, असा आजच्या बहुतेक अभ्यासकांचा अंदाज. म्हणून कुणी त्याला सौम्य ठरवू नये. शिक्षा झालेल्यांचे झगे नावानिशी चर्चमध्ये टांगत, म्हणजे नातवंडांनाही तोंड लपवावं लागे. स्पेनमध्ये इन्क्विझिशन १८३४ मध्ये बंद झालं. पण काही सरकारी पदांसाठी रक्तशुद्धीचा, म्हणजे घराण्यात धर्मांतरित नसल्याचा, पुरावा १८६५ पर्यंत मागितला जात होता.