दरडीखाली घर गेले, वकील कुठून आणू?

मोफत वकील ही कोठडीतल्या गरीब आरोपीपुरती सोय, असे महाड-पोलादपुरात सर्रास मानले जाते. कायदा मात्र वेगळेच सांगतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, त्याच सुमारास सावित्री नदीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसले. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या 12 व्या कलमात नेमकी अशा संकटात सापडलेली माणसे आहेत: पूर, भूकंप, सामूहिक किंवा औद्योगिक आपत्तीने, स्वतःचा काही दोष नसताना हलाखीत सापडलेली. त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांनाही नाही. म्हणजे महाड एमआयडीसीतला कामगारही यात आला. 3 लाखांची वार्षिक मर्यादा आहे ती या गटांत न बसणाऱ्यांसाठी. तिथेही उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरता येते. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य मात्र हवे.

‘त्यासाठी अलिबागला खेटे घालावे लागतात’ हा पुढचा समज. जिल्हा प्राधिकरण अलिबागला आहे खरे, आणि पोलादपूरच्या वाडीवरून तिथे जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. पण तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज देता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तिथे लिहून घेतात, खाली अंगठा चालतो. 15100 वर फोन करूनही विचारता येते. नेमलेल्या वकिलाचे पैसे प्राधिकरण देते. त्याने पक्षकाराकडे फी मागितली तर थेट तक्रार करावी, भीड बाळगू नये.

वकिलाशिवाय उभेच राहता येत नाही, हेही खरे नाही. आपली बाजू आपल्याला मांडता येते. दिवाणी दाव्यात एकट्याने उतरणे जोखमीचेच. ग्राहक आयोगात तसे नाही. पुरात माल गेला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर दुकानदाराने दोन वर्षांच्या आत तिथे तक्रार करावी. शुल्क भरलेल्या हप्त्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. हप्ता 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. शेताची वाट अडवली असेल तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जावे, मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 त्यासाठीच आहे.

लोकअदालतीबद्दल दोन उलट गैरसमज आहेत. कुणाला वाटते तिथे तडजोड गळ्यात मारतात, कुणाला वाटते तिथला कागद कच्चा. संमती नसेल तर फाइल जशीच्या तशी न्यायालयात परत जाते. संमती दिली, तर निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि अपिलाची वाट बंद होते. तेव्हा रक्कम, मुदत आणि सातबाऱ्यावर कुणाचे नाव राहणार, हे मोठ्याने वाचून घेतल्याखेरीज सही करू नये.