ओट्याचा दगड आणि लिंबाचा थेंब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे दिघा हे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. हा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या फत्तराचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांपासून तो बनला. याच डोंगररांगेतल्या खाणींची खडी नवी मुंबईच्या काँक्रीटमध्ये गेली. आपल्या घरातला पाटा-वरवंटा आणि जाते हीसुद्धा याच जातीच्या दगडाची. मात्र दिघ्यातल्या कोणत्याही घरात स्वयंपाकाचा ओटा पाहा. त्याचा दगड शेकडो किलोमीटरवरून, आंध्र, कर्नाटक किंवा राजस्थानातून आलेला असतो. दारातला दगड सोडून इतक्या लांबचा का आणायचा? आणि आणायचाच, तर कोणता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खडकाच्या जन्मात आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला जागोजागी भेगा पडतात. त्यात अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्याही राहतात. त्यामुळे बेसाल्ट चिवट असला तरी त्याची मोठी, अखंड लादी सहसा मिळत नाही. कडप्प्याचे तसे नाही. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा दगड म्हणजे समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला चुनखडक. तो थरांच्या सांध्यातून सपाट सुटतो. कापायला कष्ट कमी, म्हणून किंमतही कमी. शहाबादी फरशीची कथाही हीच.

या स्वस्ताईची दुसरी बाजू रसायनशास्त्रात दिसते. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचे आम्लाशी पटत नाही. आपल्या स्वयंपाकात तर लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो ही आम्ले रोजचीच. पॉलिश केलेल्या कडप्प्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. तेवढ्या जागेची चकाकी गेलेली दिसेल. हा डाग नव्हे. डाग म्हणजे बाहेरून येऊन बसलेला रंग. इथे दगडाचाच पातळ थर विरघळून गेलेला असतो. म्हणून तो कितीही घासला तरी जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्यामुळे त्याचीही तीच गत. शिवाय तो पांढरा, म्हणजे हळदीला आयते आमंत्रण.

ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थंड झालेला खडक आहे. त्यात गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक असे सिलिकायुक्त खनिजांचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. लिंबाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. कठीणपणाच्या मोह मापनात कॅल्साइट 3, फेल्डस्पार 6 आणि क्वार्ट्झ 7 वर येते. सुरीचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुरीने कडप्प्यावर ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सहसा नाही.

बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारा दगड बहुतेक वेळा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे पारसिकच्या बेसाल्टचाच सख्खा भाऊ. घटक तेच, फक्त जमिनीखाली हळू थंड झाल्याने स्फटिक मोठे आणि लाद्या अखंड. ओट्याला हा दगड उत्तम. मात्र काळे दिसते ते सगळे ग्रॅनाइट नव्हे. कडप्पाही काळा, आणि फिकट दगडाला रंग देऊनही तो काळा करतात. विकत घेण्यापूर्वी एक तुकडा मागून घ्यावा. त्यावर लिंबाची परीक्षा करावी, नखांचा रंग काढण्याच्या द्रावणाने (ॲसिटोनने) भिजवलेला पांढरा कपडा घासून पाहावा, आणि पाण्याचा थेंब पाच-दहा मिनिटे ठेवावा. कपड्याला काळे लागले तर रंग दिलेला आहे. थेंबाखाली दगड गडद झाला तर तो पाणी शोषतो. उद्या तेलही शोषेल.

अलीकडे 'क्वार्ट्झ' नावाचे कृत्रिम दगडाचे ओटे आले आहेत. त्यांत 90 टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी कृत्रिम राळ असते. ते पाणी शोषत नाहीत, लिंबालाही दाद देत नाहीत. पण राळ उष्णतेला भिते. फोडणीची तापलेली कढई थेट ठेवली तर ती पिवळी पडते, कधी तडकते.

त्याहून गंभीर गोष्ट ओट्यावर दिसत नाही, ती कारागिराच्या छातीत दिसते. क्वार्ट्झ कोरडे कापले की सिलिकाची धूळ उडते. तिचे पाच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथे कायमचे व्रण करतात. हा सिलिकोसिस, आणि तो बरा करणारे औषध नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांना याच रोगाने ग्रासले होते. ज्या पेन्सिलीने आपण मुळाक्षरे गिरवली, तिची ही किंमत. कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुण कामगारांत हा रोग वाढलेला पाहून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतेच, फक्त प्रमाण कमी. काळ्या ग्रॅनाइटमध्ये तर ते अगदी थोडे.

तेव्हा आमचा सल्ला असा. ओट्याच्या वरच्या भागाला काळा ग्रॅनाइट घ्यावा. खालच्या उभ्या आधारांना आणि फळ्यांना कडप्पा पुरेसा आहे. तिथे लिंबू पोचत नाही आणि पैसे वाचतात. सिंकसाठी कापलेल्या जागेच्या कडेला दगडाची पट्टी अरुंद होते, म्हणून तिथे खालून आधार द्यायला सांगावे. आणि दगड आपल्या दारात कापला जाणार असेल, तर पाण्याची धार सोडूनच कापा, असा आग्रह धरावा. कापणाऱ्याला चांगला मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

वर्गासाठी हा पाठ फुकटात मिळतो. दगडाच्या दुकानाबाहेर तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. मुलांना त्यातून चार-पाच प्रकार आणायला सांगा. सोबत परिसरातला एक काळा फत्तर ठेवा. लिंबू, खिळा, पाण्याचा थेंब, आणि तुमच्या देखरेखीखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, एवढ्यावर मुले स्वतःच दगडांचे दोन गट पाडतील: बुडबुडे येणारे आणि न येणारे. मग त्यांना घरी जाऊन विचारू द्या, आपला ओटा कोणत्या गटातला?