पेनात सेल नाही, मग ताकद येते कुठून?

ड्रॉइंग टॅब्लेटचं पेन हातात घ्या आणि जरा निरखून पाहा. वायर नाही. चार्जिंगचं भोक नाही. उघडून सेल घालायची सोयही नाही. हलकंसं प्लास्टिकचं नळकांडं, टोकाला बारीक निब, अंगावर एक-दोन बटणं, संपलं! पण हेच पेन टॅब्लेटपासून सेंटिमीटरभर वर धरा, स्क्रीनवरचा बाण हलायला लागतो. अजून टेकवलंसुद्धा नाही! टेकवलं की रेघ उमटते, जोर दिला की ती जाड होते, जोर काढला की विरत जाते.

या पेनाला वीज पुरवतं कोण? आणि पेन नेमकं कुठे आहे, किती जोरात दाबलंय, हे त्या मुक्या टॅब्लेटला कळतं कसं?

डिजिटल डिझाइन शिकायला निघालेला प्रत्येक जण पहिल्यांदा वेगळाच प्रश्न विचारतो: कुठला टॅब्लेट घेऊ? खोक्यांवर 5080, 8192, 16384 असे आकडे असतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू असं आपल्याला वाटत राहतं. मी म्हणेन, खरेदी दोन दिवस लांबली तरी चालेल, आधी आतली गंमत समजून घ्या. कुठल्या आकड्याला किती किंमत द्यायची, ते त्या गमतीतूनच कळतं.

थोडं मागे जाऊ. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' तयार केलं. प्रकाश ओळखणारं पेन थेट पडद्यावर टेकवून माणूस संगणकात आकृती काढू लागला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेतल्या लोकांनी चित्र काढायची जागा पडद्यावरून उचलून टेबलावर आणली. त्यांच्या टॅब्लेटची चित्र काढायची जागा 10 इंच लांब, 10 इंच रुंद. तिच्या पोटात इंचाला 100 या हिशेबाने तांब्याच्या रेषा, आडव्या आणि उभ्या. गुणाकार करून पाहा: दहा लाख छेदबिंदू! प्रत्येक रेषेतून तिचा स्वतःचा सांकेतिक विद्युत-संदेश जायचा आणि वायरने जोडलेलं पेन तो टिपायचं. कुठली आडवी, कुठली उभी हे कळलं की जागा कळली. 1964 सालची ही गोष्ट, आणि किंमत होती सुमारे 18,000 डॉलर.

आता आजच्या खोक्यावरचा 5080 हा आकडा घ्या. तो सांगतो की टॅब्लेट एका इंचातल्या 5080 वेगवेगळ्या जागा ओळखू शकतो. म्हणजे एका मिलिमीटरला 200. दोन जागांमधलं अंतर 0.005 मिलिमीटर, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी! मग आत इतक्या बारीक तारा अंथरल्या असतील? मुळीच नाही. आतल्या सर्किट बोर्डावर तारांचे रुंद वळसे असतात आणि शेजारच्या दोन वळशांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं. मिलिमीटरच्या पट्टीने हजारांश मिलिमीटर मोजायचे? इथेच खरा चमत्कार आहे.

हे वळसे सेकंदाच्या काही लाखांश भागापुरतं एक चुंबकीय स्पंदन सोडतात आणि लगेच गप्प बसतात. गप्प बसून करतात काय? ऐकतात! पेनाच्या पोटात असते तारेची एक कॉइल आणि तिला जोडलेला कपॅसिटर. पुण्याचं आकाशवाणी केंद्र लावण्यासाठी जुन्या ट्रान्झिस्टरचं बटण आपण 792 किलोहर्ट्झवर आणायचो, तेव्हा आत हीच जोडी काम करत असे. अशा जोडीची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलं की तो उंच जातो, आणि धक्के थांबवले तरी काही वेळ झुलत राहतो. बोर्ड नेमका पेनाच्या लयीत धक्के देतो. पेन विजेने झुलायला लागतं. बोर्ड गप्प झाला तरी ते क्षणभर झुलतच राहतं आणि त्या झुलण्यातून त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पसरतं. तेच बोर्डाला ऐकू येतं.

म्हणजे बोर्डाने दिलेली ताकदच पेन उत्तर म्हणून परत पाठवतं. त्याला सेल लागेल कशाला?

पेनाच्या बरोबर खालच्या वळशाला हे उत्तर सर्वांत मोठं ऐकू येतं, शेजारच्यांना थोडं हळू, त्यापलीकडच्यांना आणखी हळू. या चढउताराची तुलना करून पेनाचं टोक नेमकं कुठे आहे याचं गणित मांडलं जातं. रँडच्या लोकांना बारकावा हवा म्हणून रेषा दाटीने आखाव्या लागल्या, इथे तो गणितातून येतो. आणि हा सगळा हिशेब सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा होतो. तुम्ही 'अ'चा एक वळसा काढेपर्यंत बोर्ड आणि पेन यांच्यात शेकडो प्रश्नोत्तरं झालेली असतात!

मग जोर कसा कळतो? निब दाबली की ती आत किंचित सरकते आणि कपॅसिटरची क्षमता जराशी बदलते. क्षमता बदलली की लय बदलते, आणि बोर्ड लयीतला तो फरक टिपतो. तुमच्या बोटांचा दाब अक्षरशः सुरात उमटतो आणि त्या सुरावरून रेषेची जाडी ठरते.

हे तंत्र जपानच्या वॅकॉम कंपनीने रुजवलं. कंपनी 1983 साली स्थापन झाली आणि त्याच दशकात तिची सेल नसलेली पेनं बाजारात आली. इतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त टॅब्लेटांची पेनं मात्र पुढे कितीतरी वर्षं सेल घालून किंवा चार्ज करून वापरावी लागायची. आज ह्युऑन, एक्सपी-पेन यांच्या साध्या मॉडेलांनाही बिनसेलचं पेन मिळतं. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर एवढं एक आवर्जून तपासा. सेलमुळे पेन जड होतं आणि तासाभराने ते वजन बोटांना जाणवतं.

आता दाबाच्या पातळ्या. 8192 म्हणजे 2 चा तेरावा घात, 16384 म्हणजे चौदावा. आकडा दुप्पट झाला म्हणून हात दुप्पट तयार होतो का? वॅकॉमच्या नवशिक्यांसाठीच्या एका साध्या मॉडेलात 2048 पातळ्या आहेत, आणि 500 वी आणि 501 वी पातळी ठरवून वेगळी दाबू शकेल असा हात मला माहीत नाही. त्यापेक्षा पेन किती हलक्या स्पर्शाला दाद देतं ते पाहा. काही कंपन्या 3 ग्रॅम असा आकडा देतात, तो खरा उपयोगाचा. ड्रायव्हरमध्ये दाबाचा आलेख आपल्या हातानुसार बदलता येतो, तेही पहिल्याच दिवशी करून घ्या.

मराठी अक्षरं रेखाटायची असतील, तर आणखी एक मजा आहे. बोरूने काढलेल्या देवनागरीत रेषा जाड-बारीक होते ती जोराने नाही, कोनाने. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. एका दिशेने ओढलं की रुंद पट्टा, दुसऱ्या दिशेने ओढलं की बारीक धार. त्यामुळे चपटा ब्रश घ्यायचा, त्याचा कोन पक्का करायचा आणि दाबाचा परिणाम बंद ठेवायचा. क्रिता नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सहज जमतं. हजारो पातळ्या बाजूला राहतात आणि अक्षर तरीही बोरूसारखं उमटतं!

पैसे खरे कुठे घालायचे, तर आकारात. 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा साधारण 34.5 सेंटिमीटर रुंद असतो. लहान टॅब्लेटची काम करायची जागा जेमतेम 15 सेंटिमीटर. हात 1 सेंटिमीटर हलला की पडद्यावर रेघ 2.3 सेंटिमीटर पळते, आणि हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन दिसते. मध्यम टॅब्लेटवर ही जागा 21.6 सेंटिमीटरच्या आसपास असते, तिथे हेच प्रमाण 1.6 वर येतं. नवशिक्याची रेघ सुधारायला हा फरक पुरतो. पडदा आणि टॅब्लेट यांचं लांबी-रुंदीचं प्रमाणही सेटिंगमध्ये जुळवून घ्या, नाहीतर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंडाकृती होतं.

"पण बघायचं वर आणि काढायचं खाली, हे जमणार कसं?" हा प्रश्न हमखास येतो. 1890 च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर चढवून दिवसच्या दिवस काढले. सुरुवातीला हात भलतीकडे जायचा. काही दिवसांत ते त्या उलट्या जगात बऱ्यापैकी सहज वावरू लागले! ज्या मेंदूला हे जमतं, त्याला टेबल आणि पडदा यांची सांगड घालणं मुळीच जड नाही. रोज अर्धा तास रेघा, वर्तुळं, बाराखडी काढा. थोड्याच आठवड्यांत हात खाली आहे हे तुम्ही विसराल.

आणखी एक सोय अनेकांना ठाऊकच नसते. या टॅब्लेटला बोट दिसतच नाही, त्याला फक्त पेनाची लय कळते. त्यामुळे हाताचा पंजा खुशाल टेकवा. इतकंच काय, पेन्सिलने काढलेलं स्केच टॅब्लेटवर ठेवा आणि कागदावरूनच गिरवा. चुंबकीय क्षेत्र कागदातून आरपार जातं.

पडद्यावर थेट काढता येणारे टॅब्लेट देखणे असतात, पण बहुतेकांची किंमत 20 हजारांच्या पुढे जाते. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही. आणि काम फक्त लोगो आणि मांडणीचं असेल, तर माउसवरही बरंच निभावतं. टॅब्लेटची खरी कमाई चित्रं, अक्षरं आणि फोटोंवरच्या बारीक कामात आहे.

तेव्हा माझा कौल स्पष्ट आहे: मध्यम आकाराचा, पडदा नसलेला, बिनसेलच्या पेनाचा टॅब्लेट घ्या. पाच-सात हजारांच्या आसपास चांगला मिळतो. आपल्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर चालतो ना, ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. आणि निबांचं जादा पाकीट त्याच दिवशी मागवा, कारण रोज काढायला लागलात की निब झिजणारच.