हेलकावे आणि भरकटणे

‘मन हेलकावते’ आणि ‘मन भरकटते’ हे प्रयोग आपण गोंधळलेल्या मनाविषयी सरसकट वापरतो. दोन्हींमागे नौकेचे चित्र आहे; खलाशाच्या लेखी मात्र त्यांत मोठे अंतर आहे. नांगरलेली होडीही हेलकावते, पण जागा सोडत नाही. भरकटलेले गलबत शांत पाण्यातही प्रवाहाबरोबर दूर जाते, अन् खलाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या नौपाड्याजवळच्या ठाणे खाडीत दोन्ही तीर नजरेत असतात. मुंबईपलीकडे खुल्या समुद्रात किनारा दिसेनासा झाला, की होकायंत्र दिशा दाखवते, स्थान नव्हे. इंग्रजीतील ‘ऑल ॲट सी’ हा गोंधळवाचक वाक्प्रचार याच अवस्थेतून आला. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:१४) अपरिपक्व श्रद्धावंतांसाठी योजलेला ग्रीक शब्दही ‘लाट’ या अर्थाच्या शब्दापासून बनला आहे. तेथे लाटांसोबत वाराही आहे, म्हणजे हेलकावे आणि भरकटणे दोन्ही.